मुलांस पुस्तक सुचवितांना

कांहीं वर्षांपूर्वींची एक लहानशी गोष्ट आमच्या मनास अजून बोचते. प्रस्तुत लेखाचें निमित्त तीच होय. आमच्या धाकट्या बंधूंचा अकरा वर्षांचा मुलगा उन्हाळ्याच्या सुटींत आमच्याकडे राहावयास आला होता. दुसऱ्याच दिवशीं आमच्या कपाटापुढें उभा राहून त्यानें विचारलें, "काका, यांत हंसायचं पुस्तक कोणतं?" आम्हीं क्षणभर विचार केला आणि थोर पुरुषांच्या बाळपणींच्या प्रसंगांचा एक संग्रह त्याच्या हातीं ठेवला. तिसऱ्या दिवशीं त्यानें तो मोठ्या सभ्यपणें परत आणून दिला. वाचल्याची खूण अकराव्या पानावर होती. त्या सुटींत त्यानें पुन्हां आमच्याजवळ पुस्तक मागितलें नाहीं.

पुस्तक वाईट नव्हतें. परंतु तें आम्हीं स्वतः कधीं शेवटपर्यंत वाचलें नव्हतें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत मागाहून आली आणि फार लाज वाटली. साखर मागावयास आलेल्या गिऱ्हाइकास वाण्यानें त्रिफळा चूर्ण बांधून दिलें आणि वर तें प्रकृतीस हितकर असल्याचें सांगितलें, तर आपण त्या वाण्यास लबाड म्हणूं. मुलांच्या बाबतींत मात्र हाच व्यवहार आपण वात्सल्य या नांवाखालीं खुशाल करतों!

शिफारस करणें म्हणजे एका अर्थानें साक्ष देणें होय. 'हें तुला आवडेल' असें म्हणणारा मनुष्य 'हें मला आवडलें' असें न बोलतां सांगत असतो. तो जर स्वतः तें पुस्तक वाचतांना हंसला नसेल, तर ती साक्ष खोटी ठरते. मग तिच्यामागील हेतु कितीहि शुद्ध असो. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलास ही खोटी साक्ष जितकी लवकर ओळखतां येते तितकी इतर कोणासहि येत नसावी. त्याहून लहान मूल हट्ट धरतें, मोठा मुलगा वाद घालतो. परंतु या वयाचें मूल तक्रार करीत नाहीं. तें मुकाट्यानें निघून जातें.

आणि आम्ही स्वतः त्या वयांत काय वाचीत होतों? भूगोलाच्या पुस्तकाच्या आड भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा तो काटकुळा पोर संकटांत सापडला कीं आमच्या छातींत धडधडे, आणि त्याचें तें सुप्रसिद्ध 'ट्टॉक' वर्गांत काढून आम्हीं छडीहि खाल्ली आहे. घरीं वडील चिं. वि. जोशींचे चिमणराव मोठ्यानें वाचून दाखवीत. वाचतां वाचतां त्यांना इतकें हंसूं येई कीं पुढील वाक्यासाठीं आम्हांस ताटकळत बसावें लागे. त्यांनीं कोणतेंहि पुस्तक 'वाच' म्हणून सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

साहसकथांविषयीं असा आक्षेप घेतात कीं, त्यांतील दुष्ट पात्रें मुलांस भुरळ घालतात. हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधील लाँग जॉन सिल्व्हर हा लोभी आणि खुनी आहे, तरीहि वाचकाचें मन त्याच्याकडेच ओढ घेतें. पण ही कादंबरी जन्मास कशी आली तें पाहा. 1881 सालीं स्कॉटलंडमधील ब्रेमार गांवीं पावसानें सर्वांस घरांत कोंडून घातलें असतां, तेरा वर्षांच्या सावत्र मुलाच्या संगतींत एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्यांतून ही कथा निघाली. स्टीव्हन्सन रोज लिहिलेलें प्रकरण घरांत वाचून दाखवी. श्रोत्यांत त्याचे वृद्ध वडीलहि होते. दीपगृहें बांधणारे मोठे अभियंते आणि कडक धर्मनिष्ठ गृहस्थ. कथेमध्यें बिली बोन्सच्या पेटींतील वस्तूंची यादी हवी होती, ती या वृद्ध गृहस्थांनीं स्वतः बसून लिहून दिली! चांचे, खून आणि रम यांनीं भरलेली ती गोष्ट नातवाच्या हातीं द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न त्यांस पडला नसेल असें नाहीं. परंतु ते नातवाच्या शेजारीं बसून ऐकत होते आणि पुढें काय होतें याची उत्सुकता दोघांसहि सारखीच होती.

येथें 'गोड बोलणारा मनुष्य दुष्ट असूं शकतो हा धडा सिल्व्हर शिकवितो' असें लिहिण्याचा मोह आम्हांस झाला. धडा खराच आहे. परंतु त्यासाठीं म्हणून आपण हें पुस्तक देऊं लागलों, तर तें पुन्हां त्रिफळाचूर्णच! आनंदास उपयुक्ततेचा परवाना लागतो ही समजूत आम्हां शिक्षकांच्या हाडींमासीं खिळली आहे. तीस वर्षांच्या नोकरीनंतर ती सहजासहजीं जाणार नाहीं.

एक अडचण मात्र खरी आहे. 'रॉबिन्सन क्रूसो' ही 1719 सालची कादंबरी आम्हांस आजहि आवडते. पण ज्या झूरी नांवाच्या मुलाबरोबर क्रूसो गुलामगिरींतून निसटतो, त्यासच तो पुढें साठ नाण्यांस एका कप्तानाला देऊन टाकतो. हें पुस्तक सुचवावें काय? आमच्या मतें सुचवावें. मुलानें त्या पानावर थांबून प्रश्न केला तर मात्र 'त्या काळीं तसेंच चाले' एवढ्यावर त्याची बोळवण करूं नये. आम्हांसहि तें पान खटकतें, हें सांगावें. न आवडलेलें सांगणें हाहि साक्षीचाच भाग होय.

पुढल्या उन्हाळ्यांत पुतण्या पुन्हां आला तेव्हां आम्हीं माळ्यावरून कव्हर फाटलेला फास्टर फेणे काढला आणि कांहींएक न बोलतां स्वतःच वाचीत बसलों. दुपारपर्यंत पुस्तक त्याच्याकडे गेलें. यंदा त्यानें त्याच्या आवडीची एक इंग्रजी विनोदी कादंबरी आमच्यासाठीं मुद्दाम आणली. चाळीस पानें झालीं तरी आम्हांस हंसूं आलें नाहीं, आणि मोठ्या संकोचानें आम्हीं तसें त्यास सांगितलें. तो जराहि हिरमुसला नाहीं.

"काका, थांबा," तो म्हणाला, "शाळेच्या सहलीपर्यंत तरी वाचा."