पुढचं वाढवायचं की मागचं कमी करायचं?

‘सुधारल्या’नंतर गाडी बिघडते, याचं रेसिंगच्या जगात कुणाला नवल वाटत नाही. साधी स्विफ्ट घ्या. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ती बेताच्या वेगाने का होईना, पण शहाण्यासारखी वागते. मग मालक इंजिनाची ताकद वाढवतो, रुंद आणि चिकट टायर बसवतो, पुढे कडक स्प्रिंगा टाकून गाडी खाली आणतो. आता सरळ पट्ट्यावर ती सुसाट सुटते आणि वळणात शिरली की स्टिअरिंग कितीही पिळा, नाक बाहेरच सरकत राहतं. हा अंडरस्टीअर. पदरचे पैसे मोजून घेतलेला.

यातला कुठलाही सुटा भाग सदोष नसतो. घोटाळा त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतो. स्विफ्टचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. टायरकडे पकडीची जी पुंजी असते तिच्यातूनच वळायचं आणि तिच्यातूनच ओढायचं. ताकद वाढली की ओढण्याचा खर्च वाढतो, वळण्यासाठी कमी उरतं. गाडी खाली आणल्यावर पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनचे खालचे आर्म तिरपे होतात. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर तिच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. परिणामी गाडी बुटकी होऊनही कलण्याची तिची ओढ वाढू शकते. चिकट टायर वळणात जोर जास्त लावतात, म्हणून ती आणखी कलते. कललेल्या गाडीचं बाहेरचं पुढचं चाक मग टायरच्या बाहेरच्या काठावर धावू लागतं, आणि एवढ्या महागाच्या रबराचा अर्धाअधिक भाग नुसता सोबतीला असतो.

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. तिथे सस्पेन्शनचं फारसं चालत नाही. त्याच्या हाती एवढंच, की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. इथे टायरचा स्वभाव आडवा येतो. भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. समजा, पुढच्या दोन टायरांवर 300-300 किलो भार आहे आणि दोघे मिळून 600 किलोचा आडवा जोर पेलतात. तोच भार 500 आणि 100 असा वाटला, तर बाहेरचा 450 पाशी थकतो, आतला फार तर 110 देतो. बेरीज 560. वजन तेवढंच, पकड घटली. ज्या टोकाच्या स्प्रिंगा किंवा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) तुलनेने कडक, त्या टोकाला हा तोटा जास्त. मालकाने पुढच्या स्प्रिंगा बदलून हेच ओढवून घेतलेलं असतं.

उपाय ठरलेला आहे: मागचा बार कडक करा. मागची जोडी मोठा वाटा उचलते, पुढच्या टायरांना श्वास मिळतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या रेसिंग गाड्या वळणात मागचं आतलं चाक उचलून धावतात, खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारख्या, ते यामुळेच. पण एकदा चाक जमिनीवरून सुटलं की मागच्या जोडीचा कोटा संपला. त्यापुढे बार कितीही जाड घाला, उरलेलं सगळं पुढच्यांच्याच माथी.

हा उपाय तरी न्याय्य आहे. पुढचे टायर दमलेले असताना मागच्यांकडे शिल्लक पडून असते, ती कामाला लावली. दुसरा प्रकार मात्र मला खटकतो. मागच्या टायरांत हवा जास्त भरायची, किंवा मागे जुने, निबर झालेले टायर चढवायचे. पुढची चाकं घसरतात ना, मग मागचीही घसरू देत. चालक खूश होऊन परततो, कारण गाडी आता एकाच टोकाने दगा देत नाही. संतुलन आलं, पण पुढच्या टायरला कणभरही जास्त पकड मिळालेली नाही.

ही फसगत पकडण्याचं साधन मार्क डोनोह्यूकडे होतं. हा अमेरिकन चालक शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. रॉजर पेन्स्केच्या संघातून त्याने 1972 ची इंडियानापोलिस 500 जिंकली. मोकळ्या डांबरावर आखलेल्या वर्तुळात तो गाडी गोल गोल फिरवायचा आणि वेळ मोजायचा. 30 मीटर त्रिज्येचं वर्तुळ 11 सेकंदांत पुरं झालं, तर गाडी साधारण स्वतःच्या वजनाएवढा आडवा जोर पेलते आहे. हाताला गाडी गोड लागू लागली आणि वेळ मात्र जागची हलली नाही, तर काय झालं ते उघड आहे.

दोघांना समान करायचं तर खालच्याला वर आणायचं की वरच्याला खाली ओढायचं, हा वाद माणसांच्या बाबतीत संपत नाही. संपेल असं वाटतही नाही. समाजाला फिरवून पाहायला असं वर्तुळ आखता येत नाही. गाडीच्या बाबतीत निदान घड्याळ आहे.

आणि थोडा अंडरस्टीअर मुळात दोष नव्हताच. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरने 1930 च्या दशकात गाडीच्या या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. रस्त्यावरच्या गाड्यांत कारखाने थोडा अंडरस्टीअर मुद्दाम ठेवतात. वळणात घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, वजन पुढे येतं, पुढचे टायर चावा घेतात आणि गाडी रेषेवर परतते. मूळ स्विफ्टच्या सेटिंगमध्ये एका भेदरलेल्या अनोळखी चालकाचा विचार केलेला असतो. ट्रॅकवरच्या चालकाला हा अंडरस्टीअर नको असतो, हे रास्तच.

सुधारायला जाऊन गाडी बिघडणं फक्त हौशी गॅरेजातच घडतं असंही नाही. रेड बुलने 2023 मध्ये फॉर्म्युला वनच्या 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. 2024 मध्येही संघाचा चालक व्हेरस्टापेन याने पहिल्या 10 पैकी 7 घेतल्या. हंगामभर गाडीत नवनवे भाग येत गेले आणि तिच्या पुढच्या-मागच्या टोकांचं एकमेकांशी जमेना. सप्टेंबरमध्ये मोंझाला तो सहावा आला. पुढचा विजय थेट नोव्हेंबरमध्ये, ब्राझीलला. पवनबोगदे आणि संगणक दिमतीला असलेल्या संघाची ही कथा.

स्विफ्टवाल्याने खरं तर पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला तिरपेपणा, वाढवायला हवा, आर्मचा कोन सावरायला हवा, टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान मोजून तो कुठे राबतो ते पाहायला हवं. पण सराव थोड्या मिनिटांचा असतो. कॅम्बर बदलायचा तर अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, आर्मसाठी वेगळे बॉल जॉइंट लागतात, आणि त्याआधी स्प्रिंगांवर केलेला खर्च चुकला हे मालकाच्या गळी उतरवावं लागतं. मागच्या टायरांत हवा भरायला पंप जवळच असतो.