प्रेमकथेतील हिंसा

कोवळ्या वयाच्या प्रेमकथेत हिंसा दाखवावी काय, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने रंगभूमीवर मृत्यू दाखविण्यास प्रतिबंध केला. मीडियाने स्वतःच्या मुलांचा वध प्रेक्षकांसमक्ष करू नये, असे रोमन कवी होरेसनेही बजाविले. तथापि भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो; आणि शेक्सपिअरने तर चौदा वर्षेही पुरी न झालेल्या ज्यूलिएटच्या हाती खंजीर दिला.

आपल्याकडे हा वाद २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' चित्रपटामुळे घरोघर पोहोचला. आमच्या काटोलातील कित्येक पालकांचे म्हणणे असे पडले की, मुले गाणी ऐकावयास जातात आणि हे भयंकर दृश्य मनात घेऊन परततात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. आर्ची व परशा यांचा प्रत्यक्ष वध त्यात दाखविलेलाच नाही. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, चहा होतो. पुढे दिसतात ती दोन प्रेते आणि रक्तात पाऊल पडलेले त्यांचे लेकरू. त्या वेळी संगीत नाही, आक्रोशही नाही. याच कथेवरून २०१८ साली निघालेल्या 'धडक'चा शेवट नायिकेच्या किंकाळीने होतो. आम्हांस मात्र ती शांतताच अधिक जड वाटली. शिवाय ही भीती कल्पित नव्हे. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा येथे प्रेमसंबंधाच्या संशयावरून एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला, आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. जे गावात घडते ते पडद्यावर नको म्हणणे, हे मुलांचे रक्षण नव्हे.

येथवरचे सारे विवेचन आम्ही एकदा वर्गात मोठ्या समाधानाने केले. चित्रपटातील हिंसेचे प्रसंग विद्यार्थ्यांकडून विचारून फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, हैदराबादेत परशा संशयाने आर्चीला मारतो, ते यात का नाही?"

आम्ही निरुत्तर झालो. तो प्रसंग आम्हांस आठवत होता. पण 'प्रेमिकांचे भांडण' या सदरात घालून आम्ही तो केव्हाच क्षमा करून टाकला होता. दिग्दर्शकाने तो क्षम्य म्हणून रंगविलेला नाही. आर्ची घर सोडून निघते, हे त्याने स्पष्ट दाखविले आहे. न्यून होते ते आमच्या दृष्टीत.

भावाचे शस्त्र आणि प्रियकराचा हात यांत अपराधाच्या मानाने महदंतर आहे, हे खरे. परंतु मुलगी कोणाशी बोलते, हसते यावर आपला अधिकार आहे, ही समजूत दोहोंच्या मुळाशी एकच. पहिल्याने आपण हादरतो. दुसऱ्यास मात्र 'जीव आहे म्हणून रागावला' असे म्हणतो. तेव्हा पालकांनी रक्ताच्या दृश्याची धास्ती खुशाल बाळगावी. पण चित्रपट पाहून परतलेल्या मुलास त्या मारहाणीविषयी काय वाटले, हे अगोदर विचारावे. आम्ही त्या दिवशी तो प्रसंग फळ्यावर लिहिला, आणि तो सर्वांच्या वर लिहिला.