प्रमुखाचे शील
संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या मंडळींचा प्रमुख कशाने थोर ठरतो? केवळ बुद्धीने नव्हे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड कार्यप्रणालीच्या निर्मितीची धुरा वाहिली. काम लांबले, खर्च वाढला. पुढे ते प्राध्यापक झाले आणि १९७५ साली ग्रंथ लिहून त्यांनी आपल्या चुकाही जगापुढे मांडल्या. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रेंगाळते. कारण नव्यांस शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत. या कबुलीने त्यांची प्रतिष्ठा घटली नाही. १९९९ साली त्यांस ट्युरिंग पारितोषिक मिळाले. दोष झाकून पद कदाचित टिकेल, परंतु मागून येणारे त्याच खड्ड्यात पडतील. म्हणून चूक सांगणे हे प्रमुखाचे पहिले कर्तव्य होय, असे आम्ही मानतो.