विसावा आणि विवेक

हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली समाविष्ट झालेल्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीने घटस्फोट मागणाऱ्या पती-पत्नींना अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहावे लागते व अर्जानंतर सामान्यतः आणखी सहा महिने थांबावे लागते. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले आहे. या काळात कायदा ज्यांच्याकडून विचारपूर्वक निर्णयाची अपेक्षा करतो, त्यांचेच मन विसाव्यासाठी सर्वाधिक आसुसलेले असते. तो विसावा कोठे शोधावा, हा प्रश्न येथे शास्त्रचर्चेच्या रीतीने पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप, आणि सिद्धान्त, म्हणजे उत्तर, यांच्या तोंडून मांडला आहे.

पूर्वपक्ष : ज्याचे घर मोडले, त्याला रात्री दोन पेग घेऊन झोप लागत असेल, तर बिघडले कोठे? तापाने फणफणलेल्या माणसाला गोळी नाकारून ताप अंगावर काढायला कोणी सांगत नाही.

सिद्धान्त : दुःख सोसण्यात पुण्य आहे, असा येथे दावाच नाही. मद्याने झोप लवकर लागते हे खरे. परंतु शरीर ते पचवू लागले की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, आणि पहाटे तीनला कोरड्या घशाने, धडधडत्या छातीने जागा झालेला माणूस त्याच विचारापाशी येऊन पोचतो. पुढे दोन पेग पुरेनासे होतात. शरीर मात्रेला असे सरावण्याला टॉलरन्स म्हणतात.

पूर्वपक्ष : मद्य बाजूला ठेवू. पतीने व्हॉट्सॲपवरचा फोटो बदलला का, त्याचे ‘लास्ट सीन’ किती वाजताचे, एवढे पाहण्याने तर कोणाचे यकृत बिघडत नाही.

सिद्धान्त : फळ दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळत राहिले, की ती कृती सोडणे फार कठीण जाते, मानसशास्त्र याला अनियमित प्रबलन म्हणते. अनेक रात्री काहीच नवे दिसत नाही, मग एखाद्या रात्री पावणेदोनला ‘ऑनलाइन’ दिसते आणि तेवढ्या एका शब्दावर उरलेली रात्र तर्क लढवण्यात सरते. पत्नीला वाटते की माहिती मिळते आहे. प्रत्यक्षात तुटलेला संवाद ती एकटीच चालवत असते. यात भोवतालच्या माणसांचाही वाटा आहे. पुरुषापुढे मित्र ग्लास सरकवतात, माहेरी परतलेल्या स्त्रीला ‘कामात मन रमव’ असे सांगून घराचा भार सोपवला जातो. मनात काय चालले आहे हे दोघांनाही कोणी विचारत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

पूर्वपक्ष : मग डॉक्टरांची झोपेची गोळी, भजन, पहाटेचे धावणे यांतही विसरणेच आहे. सीमा कोठे आखायची?

सिद्धान्त : सीमा त्या वस्तूत शोधून सापडणार नाही. डॉक्टरांच्या गोळीची मात्रा व मुदत ठरलेली असते आणि ती दुसऱ्या कोणाला ठाऊक असते. लपवावी लागणारी, वाढत जाणारी सवय निराळी, मग ती धावण्याची का असेना. शिवाय सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले की संमती अर्जाच्या दिवशी असून भागत नाही, ती हुकूमनाम्यापर्यंत टिकावी लागते. म्हणजे मन बदलण्याचा हक्क शेवटपर्यंत शाबूत असतो, आणि पोटगी, मुलांचा ताबा यांच्या अटीही बहुधा याच काळात ठरतात. जो विसावा सकाळी या गोष्टींवर विचार करण्याची ताकद शिल्लक ठेवतो, तो खुशाल घ्यावा.

पूर्वपक्ष : आणि ज्याला बोलायला कोणीच नाही, त्याने?

सिद्धान्त : त्याची अडचण खरी आहे, आणि निग्रहाचा उपदेश त्याच्या कामाचा नाही. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. तेथे सगळी हकिगत सांगण्याचे बंधन नाही. ‘झोप लागत नाही’ एवढे पहिले वाक्य पुरते.