पाणी कोण घालणार?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५.

दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. कर्म आपल्या हाती, फळ नाही. स्टेटसला, टी-शर्टवर, सगळीकडे दिसतो. आजचा श्लोक मात्र फारसा कुणी शेअर करत नाही. त्यात भगवंत सांगतात, पुढे परिणाम काय होईल, नुकसान किती, कुणाला इजा होईल का, आपली ताकद किती, यातलं काहीच न बघता मोहापायी सुरू केलेलं कर्म तामस.

आता सांगा, फळाची आशा सोडायची आणि परिणामाचा विचारही करायचा? दोन्ही एकदम कसं जमायचं?

मला हा प्रश्न पोथीत नाही, धुळ्याजवळच्या एका माळावर पडला. पावसाळ्यात आमच्या ग्रुपने तिथे झाडं लावली. नर्सरीत मिळाली तीच रोपं, म्हणजे गुलमोहर आणि गिरिपुष्प. एक मूळचं मादागास्करचं, दुसरं मध्य अमेरिकेचं. भजन झालं, फोटो झाले, घरी आलो. उन्हाळ्यात सहज गेलो तर नुसत्या काटक्या. तिथे मेंढ्या चारणारे एक बाबा म्हणाले, "भाऊ, झाडं लाई गयात, पन पानी कोन घाली?"

मी म्हणालो, "बाबा, आपण लावायचं, पुढचं देवाच्या हाती."

ते काही बोलले नाहीत. आमच्या खड्ड्यांकडे फक्त बोट दाखवलं. खड्ड्याभोवतीचं गवत उपटलेलं होतं, आणि ते पुन्हा आलं नव्हतं. माळ म्हणजे रिकामी जागा असं आपण शहरातले लोक धरून चालतो. पण पवना, मारवेल यांसारखं गवत हीच माळाची संपत्ती. त्यावर मेंढ्या जगतात, चंडोल जमिनीवरच घरटं करतो. आम्ही कुणाच्या तरी ताटातलं उपसून तिथे पुण्य पेरलं होतं.

त्या दिवशी लाज वाटली. मी गीतेचा श्लोक म्हणून जे बोललो ते खरं तर माझ्या आळसाचं कारण होतं.

आपल्याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. जंगल तुटलेलं, विहिरी आटलेल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ठरवलं, आपलं जंगल आपणच राखायचं. झाड तोडलं तर दंड. चराईवर बंधन. श्रमदानातून चर खणले, पाणी मुरवलं. आज सुमारे ११०० एकर जंगल उभं आहे. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधी तीस वर्षं रोजची राखण होती, हे विसरून चालणार नाही.

यात शिकण्यासारखं एक आहे. जंगल परत आणायला दरवेळी खड्डाच खणावा लागतो असं नाही. कुऱ्हाड आणि चराई थांबली की जुन्या खोडांना, मुळांना आपोआप धुमारे फुटतात. जिथे लावायचंच आहे, तिथे अंजन, धावडा, पळस, मोह, आपल्या मातीतलं. अंजनाचं रोप आधी मूळ खोल घालतं, वर फारसं काही दिसतच नाही. फोटोसाठी अगदी निरुपयोगी झाड!

आता प्रश्नाचं उत्तर, मला उमगलं तसं. परिणामाचा विचार हा कर्माचाच भाग आहे. जागा बघणं, तिथल्या माणसाला विचारणं, मार्चपासून पाणी घालणं, हे सगळं आपल्या अधिकारातलं. सोडायचं ते श्रेय, 'मी लावलं' हा शिक्का, आणि सावलीत बसायची हाव. एवढं करूनही रोप जळालं, तर तिथे ४७ वा श्लोक हक्काने म्हणावा. त्याआधी नाही.

आजचा छोटासा नेम : मागच्या पावसाळ्यात लावलेल्या एका झाडाला जाऊन भेटा. नवं लावू नका. पाण्याची बाटली न्या, फोन खिशात राहू द्या.

मीही त्या माळावर जाणार आहे. झाडं लावायला नाही, बाबांना विचारायला.

राम कृष्ण हरी 🙏