शेवटचा ग्राहक

दूरसंचाराच्या जगात पहिल्या ग्राहकाचे कौतुक फार. ३ एप्रिल २०१९ च्या रात्री अकरा वाजता दक्षिण कोरियातल्या तिन्ही कंपन्यांनी फाइव्ह-जी सेवा सुरू करून टाकली. ठरलेला मुहूर्त दोन दिवसांनंतरचा होता. पण अमेरिकेतली व्हेरायझन बाजी मारणार अशी कुणकुण लागली आणि रात्रीच नारळ फोडला गेला. एसके टेलिकॉमच्या पहिल्या ग्राहकांत फिगर स्केटिंगची ऑलिम्पिक विजेती किम यूना होती, पॉप संगीतातले तारे होते. सामान्य गिऱ्हाइकांच्या हाती फोन पडायला ५ तारीख उजाडावी लागली. पण ‘जगात पहिले’ ही नोंद तोवर झालेली होती.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला टोकियोत एक वेगळी नोंद झाली. जपानमधली पेजरची उरलीसुरली सेवा त्या दिवशी बंद झाली. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे १९९६ च्या सुमारास एक कोटीहून अधिक ग्राहक होते. शाळकरी मुलींनी आकड्यांच्या उच्चारांतून तिची एक स्वतंत्र सांकेतिक भाषाच घडवली होती. शेवटी ग्राहक उरले सुमारे दीड हजार. अकिहाबारा स्थानकाजवळ अंत्यसंस्कार व्यावसायिकांच्या संघटनेने पेजरसाठी श्रद्धांजलीचा मंडप उभारला, लोकांनी फुले वाहिली. गंमत म्हणून केलेले ते काम होते, पण त्यात एक शहाणपण होते. सेवा संपते तेव्हा कुणाचे तरी काहीतरी संपते, एवढे त्या मंडपाने मान्य केले.

आशिया-प्रशांत पट्ट्यातल्या प्रगत देशांत मोबाइल सेवेचे पुढे काय होणार, हा प्रश्न सहसा पहिल्या ग्राहकाच्या बाजूने विचारला जातो. वेग किती वाढेल? सिक्स-जी कधी येईल? मला वाटते, शेवटच्या ग्राहकाकडे पाहिले तर याचे उत्तर अधिक नीट मिळते. जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या बाजारांत नवा ग्राहक जवळजवळ उरलेलाच नाही. माणसांपेक्षा जोडण्या जास्त झाल्या आहेत. ज्या घरात सगळेच आले, त्या घराची परीक्षा पाहुण्यांच्या स्वागतात होत नाही. मागच्या खोलीत कोण आहे आणि त्याला ताट वेळेवर मिळते का, यात होते.

वेगाच्या गोष्टीचे काय झाले ते कोरियातच पाहावे. फाइव्ह-जी फोर-जीपेक्षा वीसपट वेगवान असेल असे सांगितले गेले. ते ज्यांवर अवलंबून होते, त्या २८ गिगाहर्ट्झच्या लहरी झाडाची फांदी आडवी आली तरी अडखळतात. त्यासाठी पावलोपावली मनोरे लागतात, आणि एवढ्या खर्चाला पुरेल असा उपयोग कोणालाच सापडला नाही. कंपन्यांनी ठरलेले मनोरे उभारले नाहीत. सरकारने २०२२ आणि २०२३ मध्ये तिघांकडूनही त्या लहरी काढून घेतल्या. मे २०२३ मध्ये कोरियाच्या स्पर्धा आयोगाने वेगाच्या फुगवलेल्या जाहिरातींबद्दल तिन्ही कंपन्यांना मिळून सुमारे ३,३६० कोटी वॉनचा दंड केला. वेग खोटा नव्हता; तो प्रयोगशाळेतला होता. माणसे मात्र राहतात भुयारी रेल्वेत, पावसात, भिंतीआड.

वर्तवलेले भविष्य येत नाही आणि न वर्तवलेले येते, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. तिसऱ्या पिढीचे जगातले पहिले व्यापारी डब्ल्यू-सीडीएमए जाळे जपानच्या डोकोमोने १ ऑक्टोबर २००१ रोजी ‘फोमा’ या नावाने सुरू केले, तेव्हा व्हिडिओ कॉल हे त्याचे मोठे आकर्षण मानले जात होते. लोकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. लोकांच्या अंगवळणी पडले ते त्याआधीच २२ फेब्रुवारी १९९९ ला सुरू झालेले ‘आय-मोड’: चिमुकल्या पडद्यावर गाड्यांचे वेळापत्रक, हवामान, बँक, भविष्य. मजकूर पुरवणाऱ्याचे पैसे फोनच्या बिलातून वसूल व्हायचे आणि डोकोमो त्यातले नऊ टक्के ठेवून घ्यायची. शिगेताका कुरिता यांनी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत काढलेली १७६ चित्रे त्याच सेवेची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती २०१६ मध्ये आपल्या संग्रहात घेतली.

जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३० च्या दशकातल्या आपल्या ‘छायेची स्तुती’ या निबंधात एक हुरहूर मांडली आहे. फाउंटन पेन जपान्यांनी शोधले असते तर त्याला धातूचे टोक न येता कुंचल्याचे केस आले असते. मग शाई बदलली असती, कागद बदलला असता, कदाचित लिहिण्याची रीतही. आय-मोड म्हणजे ते कुंचल्याचे पेन प्रत्यक्षात उतरले होते. एका समाजाने आपल्या गर्दीच्या गाड्या, आपला अबोलपणा आणि आपली टापटीप यांच्या मापाने शिवलेली ती सेवा होती. पुढे आयफोन आला, आणि जपानी फोनांना गालापागोस बेटांवरच्या प्राण्यांची उपमा मिळाली: आपल्या बेटावर परिपूर्ण, बाहेर निरुपयोगी. पण बेटावरचे जीव नाहीसे झाले तरी त्यांचे गुण बाहेर पसरले. बिलातून होणारी छोटी वसुली, दुकानदाराकडून घेतलेला हिस्सा, चेहऱ्यांची चित्रे, फाटकावर फोन टेकवून गाडी पकडणे, हे सगळे आज जगभर चालते. फक्त त्यावर जपानी कंपनीचे नाव नाही.

या आय-मोडची आणि फोमाची अखेर कशी ठरली, ते मला त्यांच्या जन्माहून महत्त्वाचे वाटते. ३१ मार्च २०२६ ही बंद करण्याची तारीख डोकोमोने ऑक्टोबर २०१९ मध्येच जाहीर केली, म्हणजे जवळजवळ साडेसहा वर्षे आधी. जपानच्याच सॉफ्टबँकेचे थ्री-जी २०२४ च्या सुरुवातीला मावळणार होते. १ जानेवारीला इशिकावा प्रांतातला नोतो द्वीपकल्प भूकंपाने हादरला, तेव्हा कंपनीने त्या प्रांतापुरता तो शेवट जुलैअखेरपर्यंत पुढे नेला. घर कोसळलेल्या माणसाला नवा फोन घ्यायला जा म्हणणे बरे नव्हे, एवढा साधा विवेक त्यात होता. सेवा सुरू करताना दोन दिवसांची घाई आणि बंद करताना साडेसहा वर्षांचा धीर, या दोन टोकांमध्ये या धंद्याचे नीतिशास्त्र मावते.

कोरियातला शेवट इतका सरळ झाला नाही. एसके टेलिकॉमने २०२० मध्ये टू-जी बंद केले, तेव्हा ‘०११’ ने सुरू होणारे जुने क्रमांक सोडायला लोक तयार नव्हते. काही जण न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. यंत्रे जुनी झाली होती, सुटे भाग मिळत नव्हते, बिघाड वाढत होते. सरकारनेही दोनदा परवानगी नाकारून मगच ती दिली, आणि राजधानी सोल सर्वांत शेवटी ठेवली. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे एकच क्रमांक सांगितला, त्यांच्या दृष्टीने तो पत्ता होता. कुणी हरवलेले माणूस कधी तरी त्याच क्रमांकावर फोन करील अशी आशाही कुणाच्या मनात असेल. न्यायालय कंपनीच्या बाजूने गेले आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असावे. लहरी सार्वजनिक संपत्ती आहेत; थोड्यांच्या सवयीसाठी त्या अडवून ठेवल्या तर भुर्दंड सर्वांना पडतो.

पण प्रश्न सवयीपुरता नसतो, हे ऑस्ट्रेलियाने शिकवले. टेल्स्ट्राने आपले थ्री-जी ३० जून २०२४ ला बंद करायचे ठरवले होते. ते पुढे सरकत २८ ऑक्टोबरवर आले. कारण मोठे विचित्र होते. काही फोन दिसायला फोर-जी होते, त्यांवर इंटरनेट चाले, नेहमीचे कॉलही होत. पण मालकाने ‘०००’ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवला की फोन गुपचूप थ्री-जीकडे वळे. ज्याच्या हातात तो होता त्याला याचा पत्ता नव्हता, आणि कळण्याचा क्षण येणार होता तो नेमका घराला आग लागल्यावर. शेवटी सरकारने असे फोन जाळ्यावरून तोडूनच टाकण्याचा नियम केला. थ्री-जीवर केवळ फोन नव्हते, वृद्धांच्या गळ्यातली धोक्याची बटणे होती, शेतांवरची उपकरणे होती. पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्याच ऑप्टस कंपनीच्या एका तांत्रिक बदलात चूक झाली आणि काही राज्यांत ‘०००’ चे शेकडो कॉल पोहोचलेच नाहीत. त्या तासांत झालेले मृत्यू हा पुढे देशाच्या चौकशीचा विषय झाला.

इव्हान इलिच यांनी १९७० च्या दशकात ‘मूलगामी मक्तेदारी’ अशी कल्पना मांडली. एका कंपनीने दुसरीला हुसकावणे ही साधी मक्तेदारी. एखादे साधनच इतके पसरते की त्याच्याशिवाय जगण्याची वाटच बुजते, ती मूलगामी. त्यांचे उदाहरण मोटारीचे होते: मोटारींसाठी बांधलेल्या शहरात पायी चालणारा अडाणी ठरतो. कोरियात आज फोनने ती जागा घेतली आहे. संकेतस्थळांनी नागरिकांचे नोंदणी क्रमांक साठवण्यावर तिथे निर्बंध आले. मग ‘तुम्ही तुम्हीच आहात’ हे पटवण्याचे काम मोबाइल कंपन्यांकडे गेले. स्वतःच्या नावावर फोन नसलेला माणूस तिथे अर्धा अदृश्य असतो. एप्रिल २०२५ मध्ये एसके टेलिकॉमच्या यंत्रणेतून सिमकार्डांची गुप्त माहिती चोरीला गेली, तेव्हा सुमारे सव्वादोन कोटी ग्राहकांना फुकट सिम बदलून देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. सिंगापुरात सिंगपास हे एकच अ‍ॅप कर, निवास, आरोग्य आणि बँक यांच्या दारांची किल्ली आहे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण जी वस्तू हरवली तर माणसाला आपले अस्तित्व सिद्ध करता येत नाही, ती बाजारातली वस्तू राहत नाही. ती नागरिकत्वाचा भाग होते, आणि मग तिला वस्तूचे नियम पुरत नाहीत.

या पट्ट्यातल्या पुढच्या सगळ्या वाटा मला याच दिशेने जाताना दिसतात. न्यूझीलंडमध्ये वन एनझेडने डिसेंबर २०२४ मध्ये, जपानमध्ये केडीडीआयने एप्रिल २०२५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने त्याच वर्षी जूनमध्ये साध्या फोनवरून थेट उपग्रहामार्गे संदेश पाठवण्याची सोय सुरू केली. ऑस्ट्रेलियात मोबाइल जाळे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचले आहे, पण भूमीचा जेमतेम एक तृतीयांश भाग त्याखाली येतो. उरलेल्या दोन तृतीयांशांत मनोरा उभारणे कुठल्याही हिशेबात बसत नाही. ते अंतर उपग्रह भरून काढणार असल्याने सरकारने २०२५ मध्ये मोकळ्या आकाशाखाली सर्वत्र मोबाइल मिळाला पाहिजे असे बंधन कायद्याने घालण्याची घोषणा केली. वेगाच्या दृष्टीने हे मागे जाणे आहे. अब्जावधी खर्चून चार ओळींचा संदेश! पण ज्याची गाडी वाळवंटात बंद पडली आहे, त्याला चार ओळीच हव्या असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये सिक्स-जीचा आराखडा मांडला, त्यातही वेगाच्या जोडीला सर्वव्यापी पोहोच आणि न जोडलेल्यांना जोडणे ही उद्दिष्टे आली आहेत.

दुसरी वाट वार्धक्याची. जपानमध्ये पासष्टी ओलांडलेले लोक एकोणतीस टक्क्यांहून अधिक आहेत. कोरियात ते डिसेंबर २०२४ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. फुजित्सुच्या ‘राकुराकु’ फोनने फार आधी ओळखले होते की म्हाताऱ्या माणसाला कमी गोष्टी लागतात, पण त्या पक्क्या लागतात: तीन जिवलगांसाठी तीन बटणे, पलीकडच्याचे बोलणे संथ करून ऐकवण्याची सोय. पुढे तो फोन बनवू लागलेली वेगळी कंपनी २०२३ मध्ये कर्जात बुडाली आणि लेनोवोने तिला आधार दिला. ज्या समाजात म्हातारे वाढताहेत, तिथेच म्हाताऱ्यांचा फोन तोट्यात जातो, यात बाजाराची मर्यादा स्पष्ट दिसते. कोरियात आता बोलणे चालू असतानाच यंत्र ऐकते आणि समोरचा भामटा वाटला तर सावध करते. आजोबांची जन्माची पुंजी त्याने वाचेल. त्यासाठी आजोबांचे बोलणे ऐकायला कुणी तरी सतत बसलेले असेल, मग ते फोनच्या आतलेच का असेना; ही किंमत मोजायची की नाही, ते आजोबांना कुणी विचारलेले नाही.

म्हणून नव्या सेवेच्या घोषणेबरोबर तिच्या अखेरीच्या अटी मागायला हव्यात असे मला वाटते. ही सेवा बंद होईल तेव्हा किती वर्षे आधी सांगाल? तोवर तिच्यावर कोण विसंबलेले असेल, याचा शोध कोण घेईल? पर्याय द्याल तो त्याच दमड्यांत, त्याच क्रमांकावर, त्या माणसाच्याच बोटांना जमेल असा असेल का? हे परवान्याच्या कागदावर पहिल्या दिवशी लिहिता येते. ते अशक्य नाही, याचा दाखला पेजरनेच ठेवला आहे. इमारतींच्या आत खोलवर शिरणाऱ्या त्याच्या २८० मेगाहर्ट्झच्या लहरी जपानमधल्या नगरपालिका आता आपत्तीचा इशारा घरोघरच्या रेडिओपर्यंत पोहोचवायला वापरतात. बाजाराने निकाली काढलेली लहर सगळ्यांत अडचणीच्या घरी पोहोचणारी निघाली.

आपल्याकडे टू-जी अजून चालू आहे आणि बटणांचे फोन कोट्यवधी हातांत आहेत. ते बंद करायची चर्चा वेगाच्या आणि लहरींच्या किमतीच्या भाषेतच होते. टोकियो, सोल आणि सिडनीचा अनुभव सांगतो की ती चर्चा दुसऱ्या टोकाकडून सुरू करावी. पहिला ग्राहक कंपनी निवडते. शेवटचा ग्राहक मात्र वय, गरिबी, अंतर आणि आजारपण यांनी निवडलेला असतो, आणि पुरेशी वर्षे जगणाऱ्या कुणालाही त्या निवडीतून सूट मिळत नाही.