न्यायासन आणि श्रद्धा

धार येथील भोजशाळा-कमाल मौला परिसराचा मुकदमा उच्च न्यायालयाच्या ज्या इंदूर खंडपीठापुढे चालला, आणि ज्याने ११ मार्च २०२४ रोजी पुरातत्त्व विभागास तेथील शास्त्रीय सर्वेक्षणाची आज्ञा दिली, त्या खंडपीठावर कोणत्या मताचा न्यायमूर्ती बसावा, ही चिंता आज हिंदू आणि मुसलमान अशा उभय समाजांच्या मनात आहे, आणि ती मला क्षुद्र वाटत नाही. १९३५ साली धार दरबाराने नमाजाची मुभा जाहीर केली, २००३ साली पुरातत्त्व विभागाने मंगळवारी पूजा व शुक्रवारी नमाज अशी वहिवाट घालून दिली. परंतु हुकुमाने वहिवाट ठरते, विश्वास ठरत नाही. शेजारच्या देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती असे पवारांचे दोन दरबार एकाच गावात नांदले, आणि ज्याने त्याने आपापल्या दरबारी फिर्याद न्यावी अशी सोय होती. उच्च न्यायालय मात्र दोन्ही पक्षांना एकच आहे.

मग श्रद्धावान मनुष्य त्या आसनास अपात्र ठरतो काय? प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू आणि विधवाविवाहाचे कैवारी असलेले महादेव गोविंद रानडे, मिशनऱ्यांकडील चहापानावरून उठलेल्या पुण्याच्या चहा-ग्रामण्यात प्रायश्चित्त घेऊन सुधारक आणि सनातनी या दोघांचाही रोष पत्करल्यावर, १८९३ साली न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी मुंबईच्या उच्च न्यायालयात बसले. त्यांची मते सनातनी पक्षकारासही ठाऊक होती. आणि उघड मतापासून स्वतःस सावरणे न्यायाधीशाला जितके साधते, तितके दडवलेल्या मतापासून साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून न्यायाधीशांच्या निवडीचा अंतिम अधिकार न्यायवृंदाकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे आला, आणि शासन कधी एखादे नाव अडवून धरते, कधी ते तत्परतेने संमत करते. यामागील कारणे बहुधा दप्तरातच राहतात. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयावरील व्हिक्टोरिया गौरी यांच्या नियुक्तीस त्यांच्या पूर्वीच्या भाषणांवरून आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पात्रता तपासता येते, योग्यता नव्हे, असे म्हणून ते फेटाळले. परंतु धारच्या पक्षकाराची शंका नेमकी योग्यतेविषयीच असते, आणि तिचे निरसन करण्याची जागा निवडीपूर्वीची आहे. उमेदवार काय मानतो यापेक्षा, स्वतःच्या समाजास अप्रिय अशा अशिलाची बाजू त्याने कधी पत्करली होती काय, विरुद्ध पक्षाची कैफियत त्याने कशी मांडू दिली, याची नोंद न्यायवृंदाने करावी, आणि ती नोंद दोन्ही समाजांना वाचता यावी.